सेवाग्रामच्या बहेनजी आणि अडलेली बाळंतीण

बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे ही वर्धा शहराला लागून असलेली गावे. सावंगीला मोठा दवाखाना आहे, शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि थोडे पुढे गेले की सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना आहे. या गावांतल्या सुनेला रात्री-बेरात्री कळा सुरू झाल्या, तरी घरच्यांनी मनावर घेतले तर तासाभराच्या आत ती डॉक्टरांच्या हाती पोचते. हे सुख आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला नव्हते. ते आपोआपही आले नाही. त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत, आणि त्यात एक नाव फार मोठे आहे. ते म्हणजे डॉ. सुशीला नायर. सेवाग्राममध्ये सगळे त्यांना बडी बहेनजी म्हणत.

मंत्री म्हणून त्यांचे नाव देशाला माहीत होते आणि गांधीजींच्या डॉक्टर म्हणून जगाला. पण आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घराशी त्यांचे नाते जुळले ते बाळंतपणाच्या खाटेमुळे. म्हणून त्यांचे चरित्र गावाने त्या अंगाने वाचायला हवे.

पंजाबची मुलगी, वर्ध्याची डॉक्टर

सुशीला नायर यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा. गाव कुंजाह, जिल्हा गुजरात. हा गुजरात म्हणजे आपल्या शेजारचे राज्य नव्हे, तर तेव्हाच्या पंजाबातला आणि आता पाकिस्तानात असलेला जिल्हा. थोरले बंधू प्यारेलाल असहकाराच्या काळातच गांधीजींकडे गेले आणि पुढे त्यांचे सचिव झाले. भावामुळे गांधीजींचे विचार घरात आलेच होते. सुशीलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले. मुलींसाठी काढलेले ते कॉलेज. ज्या काळात मुलीला सातवीपर्यंत शिकवले तरी लोक नावे ठेवत, त्या काळात ही मुलगी डॉक्टर झाली.

१९३९ मध्ये त्या सेवाग्रामला आल्या. तेव्हा गावाचे नाव अजून शेगावच होते, सेवाग्राम हे नाव पुढच्या वर्षी पडले. आल्या आल्याच वर्धा भागात पटकीची साथ उठली. हाताशी माणसे थोडी आणि औषधे त्याहून थोडी असताना या तरुण डॉक्टरने ती साथ जवळजवळ एकटीने हाताळली. विहिरीचे पाणी, माशा, उघड्यावरची घाण यांचा रोगाशी संबंध काय, हे त्यांनी इथल्या गावात उभे राहून पाहिले. दवाखान्यात बसून गाव कळत नाही, हा धडा त्यांना इथेच मिळाला. तो त्या पुढे कधी विसरल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी एम.डी. पूर्ण केले आणि १९४२ साली चले जाव आंदोलनाच्या वेळी परत आल्या. लगेच अटक झाली. पुण्याच्या आगाखान महालात गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई यांच्याबरोबर त्याही कैदेत होत्या. १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई तिथेच गेले. १९४३ मध्ये गांधीजींचा २१ दिवसांचा उपवास झाला, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांत सुशीलाबाई होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबांनीही त्याच महालात प्राण सोडला. त्यांचे अखेरचे आजारपण सुशीलाबाईंनी जवळून पाहिले.

बांच्या नावाचा दवाखाना

कस्तुरबा गेल्यावर त्यांच्या नावाने देशभर निधी उभा राहिला. खेड्यांतल्या स्त्रिया आणि मुलांसाठीच तो वापरायचा, असे ठरले. सुटकेनंतर १९४४ मध्ये सुशीलाबाईंनी सेवाग्रामला एक छोटा दवाखाना सुरू केला. रोगी इतके येऊ लागले की आश्रमाची शांतता राहिना. मग दवाखाना बिर्ला यांनी दिलेल्या अतिथिगृहात हलवला. १९४५ मध्ये त्याला कस्तुरबांचे नाव मिळाले. सुरुवातीला खाटा होत्या अवघ्या १५, आणि त्या बाया आणि लेकरांसाठी.

बाया आणि लेकरांपासूनच सुरुवात का, हे समजायला त्या काळचे आकडे पाहावे लागतात. भोर समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. दर हजार बाळंतपणांमागे सुमारे २० बाया दगावतात, असा तिचा अंदाज होता. म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख बाया. शंभर बाळंतपणे झालेल्या गावात दोन घरे आईविना होत. आजही म्हातारी माणसे बाळंतपणाला बाईचा दुसरा जन्म म्हणतात. तो नुसता बोलण्यातला अलंकार नव्हता.

तेव्हा बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत होई. सुईण अनुभवी असे, मायाळूही असे. सरळ बाळंतपण ती चांगले निभावून नेई. पण मूल आडवे असले, हात आधी बाहेर आला, वार पडली नाही, तर तिच्या हाताबाहेरची गोष्ट होई. मग वरून पोट दाबणे, नवस, अंगारा. दोन रात्री आणि एक दिवस कळा देऊन बाई थकून जाई. त्यानंतर कोणीतरी बंडी जुंपायला सांगे. पावसाळ्यात नाल्याला पूर असला की बंडी तिथेच अडे. दवाखान्यात पोचेपर्यंत गर्भाशय फाटलेले असे किंवा लेकरू पोटातच गेलेले असे. जी बाई वाचे, तिच्यापैकी काहींच्या वाट्याला जन्मभर लघवी गळण्याचे दुखणे येई. घरच्यांना वास सहन होत नसे, म्हणून तिला गोठ्याजवळ जागा मिळे. अडलेल्या बाळंतपणाने होणारी ही जखम आहे. शस्त्रक्रियेने ती बहुधा बरी होते. पण वेळेवर सुटका झाली तर ती होतच नाही.

दिल्लीचा रस्ता आणि परतीची वाट

१९४६ च्या अखेरीस बंगालच्या नौआखालीत दंगली झाल्या, तेव्हा सुशीलाबाई तिथल्या एका खेड्यात राहून रोग्यांची सेवा करत होत्या. गांधीजींच्या हत्येनंतर त्या अमेरिकेत गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेऊन १९५० मध्ये परतल्या. त्यांनी शिकण्यासाठी कोणता विषय निवडला, ते पाहण्यासारखे आहे. शहरात जाऊन मोठा खासगी दवाखाना थाटता आला असता. त्याऐवजी रोग होऊच नये यासाठी काय करावे, ते शिकायला त्या गेल्या. परत आल्यावर फरिदाबादला क्षयरोगाचे आरोग्यधाम उभे केले. कुष्ठरोगाच्या कामातही त्यांनी पुढाकार घेतला.

मग राजकारण. १९५२ मध्ये त्या दिल्ली विधानसभेत निवडून आल्या, १९५५ पर्यंत तिथल्या आरोग्यमंत्री होत्या आणि पुढे विधानसभेच्या अध्यक्षही झाल्या. १९५७ मध्ये झाशीतून लोकसभेवर गेल्या. १९६२ ते १९६७ या काळात त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या.

त्यांच्याच कारकिर्दीत एक अवघड विषय सरकारपुढे आला. नको असलेले गरोदरपण चोरून-मारून पाडताना बाया मरत. झाडपाला, काड्या, अडाणी हात, आणि मग पोटात पू होऊन मरण. लाजेपायी घरचे दवाखान्यात नेत नसत आणि नेले तर पोलिसांची भीती. या प्रश्नाचा विचार करायला १९६४ मध्ये एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यातूनच १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला. आज मान्यताप्राप्त दवाखान्यात, कायद्याच्या मुदतीत, तज्ज्ञ डॉक्टरांकडून गर्भपात करून घेता येतो. तरी आजही कोणी वैदूकडे किंवा दुकानातून गोळ्या आणून परस्पर मार्ग काढत असेल, तर ती बाई १९६४ च्या आधीच्याच जगात जगते आहे असे म्हणावे लागेल.

खेड्यातले डॉक्टरांचे कॉलेज

सत्तेत असतानाच सुशीलाबाईंचे मन सेवाग्रामकडे होते. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. १९६९ हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष. त्या वर्षी कस्तुरबा दवाखान्याच्या आधाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. देशाच्या ग्रामीण भागातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते.

त्यामागचा विचार साधा होता. शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात टिकत नाही, कारण त्याने खेडे पाहिलेलेच नसते. मग त्याला शिकवायचेच खेड्यात. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचे, श्रमदान करायचे, खादी वापरायची. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे. गावात मुक्काम करायचा, घरे वाटून घ्यायची आणि त्या घरातली गरोदर बाई, लहान लेकरू, म्हातारा यांची विचारपूस करत राहायची. वर्धा तालुक्यातल्या कितीतरी घरांना असा एखादा डॉक्टर पोरगा किंवा पोरगी ओळखीची झाली. पांढऱ्या कपड्यातला माणूस म्हणजे फक्त सुई टोचणारा, ही भीती त्यातून कमी झाली. वेळ आली तेव्हा घरच्यांची पावले सेवाग्रामकडे वळू लागली.

पैशाची अडचण राहिलीच. शेतकऱ्याच्या हातात पैसा सुगीला येतो, दुखणे मात्र मृगातही येते. यावर सेवाग्रामच्या डॉक्टर मंडळींनी, विशेषतः डॉ. उल्हास जाजू यांनी, जवारीची आरोग्य विमा योजना उभी केली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे जवारी द्यायची. ज्याचे वावर जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने कमी. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच योजना लागू. अचानक येणाऱ्या गंभीर दुखण्याला सेवाग्रामला मोफत उपचार, आणि साध्या बाळंतपणासारख्या आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला खर्चाचा ठरावीक हिस्सा घरच्यांनी द्यायचा. विमा म्हणजे कंपनीचा कागद, असे समजणाऱ्या काळात आपल्या जिल्ह्यातल्या गावांनी तो धान्याने भरला. अडलेल्या बाईच्या घरच्यांना सावकाराकडे जावे लागू नये, ही त्यातली मोठी गोष्ट.

झाशीतून १९७७ साली त्या पुन्हा लोकसभेत गेल्या. नंतर राजकारण सोडून त्यांनी सेवाग्रामलाच घर मानले आणि अखेरपर्यंत संस्थेचा भार वाहिला. ३ जानेवारी २००१ ला त्यांचे निधन झाले. वय ८६ होते. १५ खाटांचा दवाखाना तोपर्यंत शेकडो खाटांचा झाला होता.

आता काय बदलले

१९४४ मध्ये ज्या दुखण्यांपुढे डॉक्टरही हात टेकत, त्यांतल्या बहुतेकांवर आज स्वस्त आणि खात्रीचे उपाय आहेत. ते काय आहेत हे घरच्यांना माहीत असले की निर्णय लवकर होतो.

पहिले म्हणजे रक्तस्राव. बाळंत झाल्यावर गर्भाशय आवळून आले पाहिजे. ते सैल राहिले, किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर रक्त नळासारखे जाते. चांगली धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते आणि जिच्या अंगात रक्तच कमी, ती त्याआधी. म्हणून दवाखान्यात लेकरू बाहेर येताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. हेच इंजेक्शन मूल बाहेर येण्याआधी, कळा वाढवायला म्हणून कोणी घरी देत असेल, तर ते प्राणघातक ठरते. त्याने गर्भाशय फाटते. जनावरांच्या पान्ह्यासाठी चोरून वापरली जाणारी सुई हीच, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

दुसरे झटके. पाचव्या महिन्यानंतर काही बायांचा रक्तदाब चढतो. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आला की सावध व्हायचे. तोंडावर, हातावर सूज, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात दुखणे ही खुणेची लक्षणे. मग दातखिळी बसते, अंगाला झटके येतात. गावात त्याला बाहेरची बाधा समजून मांत्रिक बोलावला जाई. मॅग्नेशियम सल्फेट हे जुने, स्वस्त औषध त्यावर सर्वांत गुणकारी असल्याचे १९९५ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या अभ्यासाने पक्के केले. पण औषधाआधी तपासणी आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब आणि लघवीची परीक्षा एवढ्याने बहुतेक वेळा आधीच कळते.

तिसरे अडलेले बाळंतपण. कळा सुरू होऊन १२ तास झाले आणि सुटका नाही, पाणमोट फुटून कळा येत नाहीत, हात किंवा नाळ आधी दिसते, तर घरी एक घटकाही थांबू नये. आधी सिझर झालेली, ठेंगणी, कोवळ्या वयाची किंवा जुळे असलेली बाई असेल, तर दवाखाना आधीच ठरलेला हवा.

चौथे जंतुदोष. बाळंतपणानंतर ताप, घाण वासाचा स्राव, पोटात दुखणे याला बाळंतज्वर म्हणत. नाळेवर शेण-राख लावल्याने लेकराला धनुर्वात होई. स्वच्छ हात, स्वच्छ पाते, कोरडी नाळ आणि धनुर्वाताची लस यांनी तो जवळजवळ गेला.

या सगळ्याच्या मुळाशी पंडुरोग, म्हणजे रक्त कमी असणे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. विदर्भात सिकलसेलही आहे, त्याची तपासणी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच व्हावी. लेकरू मोठे होईल आणि अडेल म्हणून बाईला पोटभर जेवू न देण्याची रीत काही घरांत अजून आहे. तिने लेकरू सुटत नाही, आई मात्र खचते.

या उपायांचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. भोर समितीच्या हिशेबाने हाच आकडा २००० होता.

उरलेले अंतर

बहेनजींनी दवाखाना गावापाशी आणला. गावाचे माणूस डॉक्टर म्हणून घडवायची रीत घातली. पण एक अंतर त्यांना बांधकामाने भरून काढता येणार नव्हते. ते आहे घराच्या उंबरठ्यापासून रस्त्यापर्यंतचे. मालक वावरातून येऊ दे, सासूला विचारू, सकाळ होऊ दे, यात जे तास जातात ते आजही जातात. बोरगावसारख्या शहराला लागून असलेल्या गावात आता डांबरी रस्ता आहे आणि दारात मोटारसायकल आहे. तिथे बाई दगावली तर दोष रस्त्याला देता येत नाही.

यासाठी गावाने करण्यासारखे थोडेच आहे, पण ते नेमाने व्हायला हवे. गरोदर बाईचे नाव तिसऱ्या महिन्याच्या आतच आशाताईंकडे लिहिले जावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून गरोदर मातांची तपासणी होते, तिथे तिला पाठवावे. आठव्या महिन्यातच घरात बसून ठरवावे की कोणत्या दवाखान्यात जायचे, सोबत कोण जाणार, रक्त लागले तर कोण देणार आणि मालक घरी नसला तर निर्णय कोणाचा. हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर त्या बाईच्या देखत ठरावे. १०८ ची गाडी फुकट येते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जेवण आणि जाणे-येणे यांना पैसे लागत नाहीत.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांचेही काम आहे. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या सभेत त्या तिमाहीतल्या गरोदर बायांची यादी वाचली जावी, त्यात जोखमीच्या किती ते विचारावे. गावात माता दगावली तर ती नोंद आरोग्य खात्याकडे गेलीच पाहिजे. कोणाला शिक्षा करण्यासाठी ही चौकशी नसते. उशीर कुठे झाला ते कळावे आणि पुढची बाई वाचावी, एवढाच तिचा हेतू असतो. नोंद दडवली की पुढचीही जाते.

वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर आहे. कस्तुरबा दवाखान्यात बाळंतपणाची खोली रात्रभर उघडी असते, आणि ती उघडी राहावी म्हणून एका बाईने आपले आयुष्य दिले. तिथपर्यंत वेळेत पोचवणे आता घराच्या आणि गावाच्या हाती आहे.